एका खेळाडूची शिक्षा आणि तिचे तीन अन्वयार्थ

चीनच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा एके काळचा आधारस्तंभ आणि पुढें त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक झालेला ली थिए यास हुबेई प्रांतांतील श्येननिंग येथील न्यायालयानें १३ डिसेंबर २०२४ रोजीं लांच घेणें व लांच देणें या आरोपांवरून २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा सांगितली. त्या वेळीं त्याचें वय ४७ वर्षांचें होतें. पुढें त्यानें केलेलें अपीलहि फेटाळलें गेलें. ही वार्ता वर्तमानपत्रांतून आली आणि गेली. परंतु तिच्यावरून जे उद्गार सुशिक्षित मंडळींच्या तोंडून निघाले ते अद्यापि आमच्या कानांवर पडत आहेत, आणि ते ऐकून आम्हांस स्वस्थ बसवत नाहीं.

हे उद्गार तीन प्रकारचे आहेत. पहिला वर्ग नीतिवाद्यांचा. त्यांच्या मतें ही एका लोभी माणसाची गोष्ट आहे. कष्टानें वर आला, पैसा पाहिला, बुद्धि फिरली, खड्ड्यांत पडला. तात्पर्य, लोभ वाईट. दुसरा वर्ग दंडभक्तांचा. राज्य असावें तर असें, केवढा मोठा मनुष्य आणि केवढी कठोर शिक्षा, असें म्हणून हे लोक कौतुकानें मान डोलावतात. तिसरा वर्ग स्वतःस समाजशास्त्रज्ञ समजणारांचा. चिनी माणसाच्या हाडींमासींच हें खिळलेलें आहे, भेटवस्तु आणि ओळखपाळख यांवांचून त्या देशांत पानहि हलत नाहीं, मग फुटबॉल कसा निराळा असेल, असा यांचा सिद्धान्त.

आमचें म्हणणें असें कीं हीं तीनहि मतें चुकीचीं आहेत. शिवाय जो प्रश्न या प्रकरणांत खरोखर विचारावयास हवा तोच तीं झांकून टाकतात. तो प्रश्न हा: ज्या माणसानें आपल्या उमेदीचीं सर्व वर्षें संघांतील जागा पायांच्या बळावर मिळविली, त्यास पुढें तशीच जागा पैसे मोजून विकत कशी घेतां आली? त्याला ती विकत घ्यावीशी कां वाटली हा प्रश्न त्याच्या मनाचा आहे, आणि त्याचें उत्तर त्यानें स्वतः शोधावें. ती विकत घेतां कां आली हा प्रश्न मात्र सार्वजनिक आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे.

यासाठीं त्या माणसाचा खेळाडू म्हणून झालेला प्रवास प्रथम नीट पाहिला पाहिजे. ली थिए याचा जन्म १९७७ सालीं ईशान्य चीनमधील शेनयांग शहरीं झाला. शेनयांग ही ल्याओनिंग प्रांताची राजधानी. कारखान्यांचें शहर, आणि फुटबॉलचें वेड असलेलें शहर. याच प्रांताच्या संघानें १९९० सालीं आशियांतील क्लबांची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली होती, आणि तो मान मिळविणारा तो पहिला चिनी संघ होता. १९९३ च्या अखेरीस चीननें आपले निवडक किशोरवयीन खेळाडू फुटबॉलच्या शिक्षणासाठीं ब्राझीलला पाठविले. या उपक्रमाचा खर्च ज्येनलीबाव नांवाच्या पेयें विकणाऱ्या कंपनीनें उचलला, आणि तो संघ त्या कंपनीच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. सोळा वर्षांचा ली थिए या मुलांत होता.

तेथून परत आल्यावर तो ल्याओनिंगच्या संघांत खेळूं लागला. १९९९ सालीं हा तरुण पोरांचा संघ खालच्या वर्गांतून नुकताच वर चढला होता. तरी तो थेट विजेतेपदाच्या उंबरठ्यापर्यंत पोंचला आणि हंगामाच्या अखेरच्या दिवशीं अवघ्या एका गुणानें मागें राहिला. ली थिए मधल्या फळींतला आणि त्यांतहि बचावाकडे झुकलेला खेळाडू. या जागेवरच्या खेळाडूच्या वांट्यास गोल केल्याचा जयजयकार क्वचितच येतो. प्रतिपक्षाच्या पायांतील चेंडू काढून घ्यावा, तो आपल्या माणसाकडे द्यावा, आणि पुन्हा धांवत मागें यावें, हें त्याचें नित्यकर्म. असें काम नव्वद मिनिटें करण्यास दम लागतो आणि मानापमानाची पर्वा न करण्याचा स्वभावहि लागतो. ली थिए याची कीर्ति या अविश्रांत धांवण्याबद्दलच होती. चिनी भाषेंत ‘थिए’ म्हणजे लोखंड, आणि तें नांव त्याला शोभत होतें.

७ ऑक्टोबर २००१ रोजीं शेनयांगच्याच वुलिहे मैदानावर चीननें ओमानचा १–० असा पराभव केला आणि विश्वचषक स्पर्धेंत प्रथमच प्रवेश मिळविला. स्वतःच्या गांवीं, स्वतःच्या लोकांपुढें हा दिवस ली थिए यानें पाहिला. पुढच्या वर्षीं मुख्य स्पर्धेंत चीन कोस्टारिकाकडून ०–२, ब्राझीलकडून ०–४ आणि तुर्कस्तानकडून ०–३ असा हरला. एकहि गोल त्यास करतां आला नाहीं. तरीहि तो चिनी फुटबॉलचा उत्कर्षबिंदु होता. कारण त्यानंतर आजवर चीनला त्या स्पर्धेचें दार पुन्हा उघडतां आलेलें नाहीं. २०२६ च्या स्पर्धेसाठीं संघांची संख्या ३२ वरून ४८ करण्यांत आली, तरी २०२५ च्या जूनमध्यें इंडोनेशियाकडून हरून चीन पात्रताफेरींतच बाद झाला.

आतां या चरित्रांतील जो भाग आमच्या मुद्द्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा, त्याकडे वळूं. २००२ च्या उन्हाळ्यांत ली थिए इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरच्या एव्हर्टन क्लबांत गेला. तो तेथें कसा गेला? केजिआन नांवाच्या चिनी दूरध्वनि-कंपनीनें एव्हर्टनच्या सदऱ्यावर आपलें नांव घालण्याचा करार केला, आणि त्या व्यवहाराच्या जोडीनेंच दोन चिनी खेळाडू त्या क्लबांत आले. म्हणजे दार पैशानेंच उघडलें होतें. आमचे नीतिवादी मित्र येथें कदाचित् म्हणतील कीं पाहा, भ्रष्टतेचें बीज येथेंच पडलें. आम्हांस अगदीं उलट वाटतें. दार पैशानें उघडलें; पण आंत गेल्यावर काय झालें तें पाहा.

दोन खेळाडू आले होते: एक ली थिए, दुसरा बचावफळींतला ली वेइफंग. दोघेहि चीनच्या विश्वचषक संघांतले, दोघेहि एकाच करारानें आलेले, दोघांच्याहि पाठीशीं एकाच कंपनीचें द्रव्य. पहिल्या हंगामांत ली थिए लीगचे २९ सामने खेळला. ली वेइफंग एक सामना खेळून कांहीं महिन्यांत परत गेला. कंपनीनें दोघांसाठीं सारखाच पैसा टाकला असेल; पण दर आठवड्यास अकरा नांवें लिहिणारा मनुष्य डेव्हिड मॉयस हा होता, आणि त्याची स्वतःची नोकरी शनिवारच्या निकालावर अवलंबून होती. गुडिसन पार्कच्या मैदानावर आपल्या खिशांतले पैसे देऊन बसलेले तीस-चाळीस हजार लोक होते. सदऱ्यावर कोणाचें नांव आहे याच्याशीं त्यांस कर्तव्य नव्हतें, चेंडू कोणाच्या पायांत आहे याच्याशीं होतें. त्या हंगामांत एव्हर्टन सातवा आला. पुढें ली थिए जायबंदी झाला, पायाचें हाड मोडलें, पूर्वीची चपळाई राहिली नाहीं. तेव्हां त्याच निष्ठुरपणानें त्याचें नांव यादींतून गळलें. २००६ सालीं तो शेफील्ड युनायटेडमध्यें गेला, तेथेंहि लीगमध्यें त्याला जागा मिळाली नाहीं, आणि तो मायदेशीं परतला. त्याला कोणीं ठेवून घेतलें नाहीं, आणि तो राहावा म्हणून कोणाला पैसे चारतांहि आले नसते.

आमचा सर्व युक्तिवाद या एका उदाहरणांत आहे. पैसा सर्वत्र दार उघडतो. तो चीनमध्यें उघडतो आणि इंग्लंडमध्यें उघडत नाहीं असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. फरक दाराशीं नाहीं; दारापलीकडे कोण बसला आहे यांत आहे. जेथें निवड करणाऱ्याला चुकीच्या निवडीची किंमत स्वतः भरावी लागते, आणि जेथें ती निवड हजारों डोळ्यांदेखत कसाला लागते, तेथें पैशाची शक्ति उंबरठ्यावर संपते. जेथें निवड करणारा वरच्या एकाच अधिकाऱ्यास उत्तर देतो, आणि तो अधिकारीहि त्याच्याहून वरच्यास, तेथें पैसा उंबरठा ओलांडून थेट दिवाणखान्यांत जाऊन बसतो.

आतां उत्तरार्ध पाहा. खेळ सोडल्यावर ली थिए २०१२ सालीं ग्वांगचौच्या बलाढ्य संघांत इटालियन प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पी याचा सहायक झाला. पुढें हेबेई आणि वुहान येथील क्लबांचा तो मुख्य प्रशिक्षक झाला. २०१५ सालीं पहिला आणि २०१८ सालीं दुसरा संघ त्याच्या हाताखालीं वरच्या वर्गांत चढला. या दोन्ही चढणींत सामने विकत घेण्यांत आले होते, असें पुढें चौकशींत निघालें. २०२० च्या जानेवारींत तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. हें पद मिळावें म्हणून वुहानच्या क्लबानें फुटबॉल-संघटनेचे अध्यक्ष चेन शुयुआन यांस २० लाख युआन दिले आणि स्वतः ली थिए यानें कार्यवाह ल्यू यी यांस १० लाख युआन देण्याची व्यवस्था केली. पद हातीं आल्यावर त्यानें त्याच वुहानच्या क्लबाशीं ६ कोटी युआनांचा करार केला, आणि त्या क्लबाचे चार खेळाडू राष्ट्रीय संघांत घेतले. २०२१ च्या डिसेंबरांत त्यानें पद सोडलें. २०२२ च्या नोव्हेंबरांत तो चौकशीसाठीं ताब्यांत घेतला गेला.

या हकीकतींतील आंकडे थोडा वेळ बाजूस ठेवूं आणि तिची रचना पाहूं. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक कोणीं ठरवावयाचा? अध्यक्ष आणि कार्यवाह यांनीं. त्यांच्यावर देखरेख कोणाची? क्रीडाखात्याची. त्या खात्याचे उपसंचालक दू चाओत्साय हे फुटबॉल-संघटनेंतील पक्षशाखेचे प्रमुखहि होते. म्हणजे देखरेख करणारा आणि ज्याच्यावर देखरेख करावयाची तो, हे दोघे एकाच दालनांत बसत. पुढें काय झालें? चेन यांस २०२४ च्या मार्चमध्यें जन्मठेप झाली. दू यांस त्याच वर्षाच्या डिसेंबरांत १४ वर्षांची आणि ल्यू यांस ११ वर्षांची शिक्षा झाली. नेमणारा, नेमलेला आणि नेमणुकीवर लक्ष ठेवणारा हे सगळेच तुरुंगांत गेले. पहिल्या वर्गाच्या मित्रांस आम्ही विचारतों: ज्या घरांत जिन्याची प्रत्येक पायरी कुजलेली निघते, तेथें आपण एकाच पायरीच्या लोभाविषयीं प्रवचन कसें करतां?

आणि हें प्रथमच घडलें असतें तर एक वेळ आम्ही गप्प बसलों असतों. २००३ सालीं गोंग ज्येनपिंग नांवाच्या पंचास लांच घेतल्याबद्दल १० वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रकरणांत तुरुंगांत गेलेला तो एकटाच पंच होता, आणि पुढच्याच वर्षीं तो आजारानें वारला. त्या वेळींहि शुद्धि झाली असें सांगण्यांत आलें. २०१२ सालीं फुटबॉल-संघटनेचे दोन माजी प्रमुख, श्ये यालोंग आणि नान योंग, यांस प्रत्येकीं साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. विश्वचषकांत पंचगिरी केलेला लू जुन साडेपांच वर्षांसाठीं आंत गेला. आणि २००२ च्या विश्वचषक संघांतला गोलरक्षक ज्यांग जिन व मधल्या फळींतला ची होंग, म्हणजे ली थिए याचेच सोबती, २००३ सालचा एक सामना विकल्याबद्दल तुरुंगांत गेले. ली थिए प्रशिक्षणाच्या कामांत पाऊल टाकीत होता तें नेमकें हेंच वर्ष. आपल्या खांद्याला खांदा लावून खेळलेल्या माणसांना बेड्या पडलेल्या त्यानें पाहिल्या, आणि त्यानंतर तीनच वर्षांनीं त्याच्या संघासाठीं सामने विकत घेतले गेले. दंडाच्या धाकाचें सामर्थ्य दाखविणारें याहून बोलकें उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

दुसऱ्या वर्गाच्या मित्रांनीं येथें अंमळ थांबावें. कठोर शिक्षा झाली हें खरें. पण ती कशी झाली हें त्यांनीं पाहिलें आहे काय? २०२४ च्या जानेवारींत चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीनें पक्षाच्या शिस्त-समितीबरोबर तयार केलेली एक माहितीपट-मालिका दाखविली. तींत ली थिए कॅमेऱ्यासमोर बसून आपले अपराध सांगतांना देशानें पाहिला. त्याच्यावरील खटल्याची सुनावणी मार्चमध्यें झाली आणि निकाल डिसेंबरांत लागला. म्हणजे कबुली आधीं, खटला मागून, आणि न्याय सर्वांच्या शेवटीं. ज्या देशांत आरोपी न्यायाधीशापुढें उभा राहण्यापूर्वीं प्रेक्षकांपुढें उभा केला जातो, तेथें आपण ज्यास न्यायाची कठोरता म्हणतां तिला दुसरें एखादें नांव शोधावें लागेल. आम्ही ली थिए यास निर्दोष म्हणत नाहीं. त्यानें न्यायालयांतहि गुन्हा कबूल केला आहे, आणि तो घडला नाहीं असें मानण्यास आम्हांस कांहींहि आधार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं ज्या हातानें नेमणूक केली, त्याच हातानें चौकशी केली, त्याच हातानें चित्रपट काढला आणि त्याच हातानें शिक्षा दिली. त्या हाताची झडती मात्र कोणीं घेतली नाहीं.

त्या माहितीपटांत ली थिए असेंहि म्हणाला कीं अशा गोष्टी त्या काळीं फुटबॉलमध्यें सर्रास चालत. हें वाक्य सरकारनें स्वतःच्या चित्रपटांत राहूं दिलें याचें आम्हांस नवल वाटतें. कारण एवढा खरा साक्षीपुरावा त्या संपूर्ण मालिकेंत दुसरा नसेल. दंडभक्तांनीं हें वाक्य पुन्हा ऐकावें. जी गोष्ट सर्रास चालते ती सर्वांना माहीत असते. आणि जी सर्वांना माहीत असून कोणी बोलत नाहीं ती बोलण्याचीं साधनें कोणीं तरी काढून घेतलेलीं असतात.

तिसऱ्या वर्गाच्या विद्वानांचा समाचार थोडक्यांत घेतां येईल. लांच ही चिनी रक्ताची विकृति असेल तर २००६ सालीं इटलींत काय झालें? तेथील युव्हेंटुस हा नामांकित क्लब पंचांच्या नेमणुकांत ढवळाढवळ केल्याच्या प्रकरणांत खालच्या वर्गांत ढकलला गेला आणि त्याचीं दोन विजेतेपदें काढून घेण्यांत आलीं. २०१५ च्या मे महिन्यांत झुरिकच्या एका उंची हॉटेलांतून पहांटे जागतिक फुटबॉल-संघटनेच्या अधिकाऱ्यांना पोलिसांनीं ताब्यांत घेतलें. त्यांत चिनी कोण होता? उलट टेबलटेनिसचा खेळ पाहा. तेथें चिनी माणूस जगाला पिढ्यानपिढ्या हरवीत आला आहे, आणि त्याचें रक्त तेंच आहे. संस्कृति हा शब्द जेव्हां विचार टाळण्यासाठीं वापरला जातो तेव्हां तो शिवीहून फारसा वेगळा राहत नाहीं.

येथें एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक असल्यामुळें त्यास उत्तर देणें आम्ही कर्तव्य समजतों. आपण इंग्लंडच्या फुटबॉलची आरती ओंवाळतां, असें कोणी म्हणेल. पण तेथें तरी सर्व शुद्ध आहे काय? मुळींच नाहीं. ज्या एव्हर्टनचें उदाहरण आम्हीं वर दिलें त्याच क्लबानें तोट्याच्या मर्यादेचा नियम मोडला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरांत त्याचे १० गुण कापण्यांत आले. पण त्यापुढची हकीकत पाहा. निर्णय एका स्वतंत्र मंडळानें दिला. त्याचीं कारणें छापून प्रसिद्ध झालीं. क्लबाच्या पाठीराख्यांनीं मैदानावर उघड निषेध केला आणि त्याबद्दल कोणी तुरुंगांत गेला नाहीं. क्लबानें अपील केलें, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत १० गुणांचे ६ झाले. नंतर दुसऱ्या एका उल्लंघनाबद्दल आणखी २ गुण गेले. हें सर्व ली थिए याच्यावर खटला चालला त्याच काळांत घडलें. दोन्ही ठिकाणीं अपराध झाला, दोन्ही ठिकाणीं दंड झाला. एके ठिकाणीं दंड देणाऱ्यास आपल्या निर्णयाचीं कारणें लोकांपुढें मांडून तीं टिकवावीं लागलीं. दुसऱ्या ठिकाणीं लोकांनीं फक्त टाळ्या वाजवावयाच्या होत्या. इंग्रज अधिक सज्जन आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. दुर्जनास अडविण्याची सोय तेथें अधिक आहे, इतकेंच म्हणतों.

चीनच्या राज्यकर्त्यांस हें कळत नव्हतें असेंहि नाहीं. २०१५ सालीं त्यांनीं फुटबॉल-सुधारणेची एक मोठी योजना जाहीर केली, आणि फुटबॉल-संघटना क्रीडाखात्यापासून वेगळी करावी असें तींत स्पष्ट लिहिलें होतें. २०१६ सालच्या दुसऱ्या योजनेंत २०२० पर्यंत ५ कोटी लोकांनीं फुटबॉल खेळावा आणि ७० हजार मैदानें व्हावींत असा संकल्प सोडण्यांत आला. संघटना वेगळी झाली ती कागदावर. नवें अध्यक्षपद कोणाकडे गेलें? शांघायच्या सरकारी बंदर-कंपनीचे प्रमुख असलेल्या याच चेन यांच्याकडे. वरून हुकूम सुटला कीं फुटबॉलवर पैसा ओतावा. तेव्हां वरच्यांची मर्जी राखूं पाहणाऱ्या जमीन-जुमल्याच्या व्यापाऱ्यांनीं तो पाण्यासारखा ओतला. लोक फुटबॉल खेळूं लागले कीं नाहीं हें पाहण्यास कोणास सवड नव्हती. कारण वरिष्ठांस मैदानें मोजतां येतात, मुलांचा आनंद मोजतां येत नाहीं.

याचा परिणाम काय झाला तो ली थिए याच्या चरित्रावरूनच मोजूं. तो चीनमध्यें ज्या ज्या क्लबांशीं संबद्ध होता त्यांची आजची स्थिति अशी: चंगदूचा क्लब २०१५ सालीं बुडाला, ल्याओनिंगचा, तोच आशिया जिंकलेला, २०२० सालीं बुडाला, वुहानचा आणि हेबेईचा असे दोन्ही २०२३ सालीं बुडाले, आणि ज्या ग्वांगचौनें २०१३ व २०१५ सालीं आशियाचें विजेतेपद मिळविलें, तो मालक-कंपनीच्या कर्जाच्या ओझ्याखालीं २०२५ च्या जानेवारींत संपला. पांचांपैकीं पांच! ज्या वुलिहे मैदानावर २००१ सालीं तो अपूर्व विजय मिळाला तें मैदानहि २००७ सालीं सुरुंग लावून पाडण्यांत आलें. उलट एव्हर्टन १८७८ पासून आणि शेफील्ड युनायटेड १८८९ पासून चालू आहेत. खालच्या वर्गांत गेले, पुन्हा वर आले, मालक बदलले, कर्जबाजारी झाले, तरी चालू आहेत. त्यांचीं कागदोपत्रीं मालकी कोणाचीहि असो, शहरानें त्यांस आपलें मानलें आहे, आणि मालकानें ते बुडवूं म्हटलें तर शहर आरडाओरडा करील. चीनमधील क्लब कंपनीचे होते. कंपनी गेली, क्लब गेला. शेनयांगच्या लोकांचें त्या संघावर प्रेम नव्हतें असें कोण म्हणेल? पण त्या प्रेमास बोलण्याची जागा नव्हती.

आणि या सर्व प्रकरणांत नुकसान कोणाचें झालें हें कोणीच विचारीत नाहीं, याचें आम्हांस सर्वांत अधिक दुःख होतें. निकालपत्रांत लांचेचे आंकडे आहेत. ज्यांच्या जागा विकल्या गेल्या त्यांचीं नांवें त्यांत नाहींत. एका क्लबाचे चार खेळाडू करारानें राष्ट्रीय संघांत घेतले गेले, याचा अर्थ दुसरे चार घरीं राहिले. ते कोणत्या तरी शहरांत रोज पहांटे उठून धांवत असतील. आपण निवडले कां गेलों नाहीं याचा विचार करीत असतील. आणि बहुधा दोष स्वतःलाच देत असतील. एव्हर्टनमध्यें ज्या दिवशीं ली थिए याचें नांव यादींतून गळलें, त्या दिवशीं त्यास दुःख झालें असेल, पण तो निर्णय खेळावरून झाला हें त्यास ठाऊक होतें. त्याच्या हातून ज्यांचीं नांवें गळलीं त्यांच्या वांट्यास तेवढेंहि समाधान आलें नाहीं. त्यानें दुसऱ्यांपासून काय हिरावून घेतलें हें जाणण्यास त्याच्याइतका योग्य मनुष्य चीनमध्यें दुसरा नव्हता, आणि म्हणूनच आम्ही त्याच्या अपराधास कमी लेखण्यास तयार नाहीं. व्यवस्था वाईट होती हें त्याच्या कृत्याचें स्पष्टीकरण आहे. ती त्याची सबब होऊं शकत नाहीं.

मग आमचें मागणें तरी काय? शिक्षा नको असें नाहीं. शिक्षेलाच सुधारणा म्हणूं नये, एवढेंच. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक ज्यांनीं नेमावयाचा त्यांस निवडून देण्याचा आणि काढून टाकण्याचा अधिकार क्लबांस, खेळाडूंस व प्रेक्षकांस असावा. नेमणुकीचीं आणि निवडीचीं कारणें उघड सांगितलीं जावींत. वर्तमानपत्रांनीं संशय प्रगट केला तर तो राजद्रोह ठरूं नये. आणि हिशेब तपासणारा मनुष्य हिशेब ठेवणाऱ्याच्या पंक्तीस जेवणारा नसावा. यांत नवें कांहींहि नाहीं. एखाद्या गांवच्या वाचनालयाची घटनासुद्धां याच तत्त्वांवर लिहिली जाते. या चार गोष्टी नसतील तर वीस वर्षें काय, चाळीस वर्षें द्या. आज रिकामी झालेली खुर्ची विकली जाईलच, फक्त धोका वाढला म्हणून तिचा भाव वाढेल.

दंडाच्या दराऱ्यावर प्रसन्न होणाऱ्या आमच्या मित्रांनीं २००३, २०१२ आणि २०२४ हीं तीन वर्षें कागदावर एकाखालीं एक लिहावींत, आणि चौथ्या ओळीची जागा कोरी ठेवावी. ती ओळ भरूं नये अशी त्यांची इच्छा असेल तर तुरुंगाच्या भिंतींची उंची मोजणें त्यांनीं सोडून द्यावें आणि निवडसमितीच्या खोलीचें दार उघडें आहे कीं बंद, एवढें पाहावें. ली थिए सुटेल तेव्हां सत्तरीकडे झुकलेला असेल. तोंपर्यंत शेनयांगच्या एखाद्या मैदानावर आज धांवणारें सोळा वर्षांचें पोर त्याच्या मधल्या फळींत खेळून निवृत्तहि झालेलें असेल. त्या पोराला पुढें जी जागा मिळेल ती त्यानें मिळविली कीं कोणीं त्याच्यासाठीं विकत घेतली, याचें उत्तर श्येननिंगच्या निकालपत्रांत सांपडणार नाहीं.